‘नकळत’ की ‘निष्काळजीपणे’: पृथ्वी शॉ प्रकरण नववी-दहावीच्या वर्गात

३० जुलै २०१९ ला बीसीसीआयने एक पत्रक काढलं. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य सापडलं होतं आणि त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी घातली होती. तासाभरात ते पत्रक वेबसाइटींवर, संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर आणि दुसऱ्या दिवशी छापील अंकात पोहोचलं. मजकूर एकच असला, तरी वाचणाऱ्याच्या हाती दर वेळी वेगळी गोष्ट पडली. कुणाला तो लबाड वाटला, कुणाला बिचारा, तर कुणाला मंडळाचा लाडका.

चौदा ते सतरा वयाच्या मुलांना डोपिंगपासून लांब ठेवायचं, तर या एका प्रकरणाची नीट चिरफाड सिरिंजच्या भयंकर फोटोंपेक्षा जास्त कामाची आहे. एक तर पोरगा ओळखीचा. विरार-मुंबईच्या लोकलमधून मोठा झालेला, ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत १३४ काढणारा, बंदीच्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांचा. दुसरं म्हणजे इथे सुई नाही, काळा बाजार नाही, खोकल्याचं सिरप आहे, आणि ते प्रत्येक घरात असतं. तिसरं कारण शिकवणाऱ्याच्या सोयीचं. हे द्रव्य ऐकून कुणी पोरगं ते शोधायला बाहेर पडणार नाही. स्टिरॉइडच्या प्रकरणात ती खात्री देता येत नाही.

प्रकरण, जसं कागदावर आहे

२२ फेब्रुवारी २०१९, इंदूर. सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या सामन्याच्या वेळी शॉचा नमुना घेतला गेला. १६ जुलैला त्याच्यावर नियमभंगाचा आरोप ठेवून तात्पुरतं निलंबन झालं. त्याने नियमभंग कबूल केला आणि खुलासा दिला की श्वसनमार्गाच्या संसर्गावर मेडिकलमधून घेतलेल्या खोकल्याच्या सिरपमधून हे द्रव्य पोटात गेलं. मंडळाने बाहेरच्या तज्ज्ञांचं मत घेतलं आणि खुलासा मान्य केला. शिक्षा आठ महिने, १६ मार्च २०१९ पासून १५ नोव्हेंबर २०१९ च्या मध्यरात्रीपर्यंत. त्याच दिवशी विदर्भ आणि राजस्थानच्या एकेका क्रिकेटपटूवरही कारवाई जाहीर झाली. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, आणि त्या दिवशीही ती बहुतेक बातम्यांच्या शेवटच्या ओळीत होती.

एवढा मजकूर एका पानावर सोप्या मराठीत टाइप करून ठेवायचा. हा झाला ‘मूळ कागद’. पुढचं सगळं काम त्याच्याशी ताडून बघण्याचं आहे. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाचचे आठ गट, प्रत्येक गटाला एक प्रत. चाळीस मिनिटांच्या तीन तासिका लागतात. दोनमध्ये बसवायचा प्रयत्न केला तर तिसरी, म्हणजे लेबल आणि रीलची, तासिका उडते आणि नेमका मुलांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेला भाग राहून जातो.

पहिली तासिका: क्रियापद कुणाचं?

मूळ कागद आधी द्यायचा नाही. आधी चार मथळे चिठ्ठ्यांवर वाटायचे. खऱ्या वृत्तपत्रांची कात्रणं वापरली की चर्चा ‘हा पेपर असाच’ या वळणावर जाते, म्हणून मथळे आपणच बनवलेले बरे. या चार धर्तींचे:

पृथ्वी शॉ डोपिंगच्या जाळ्यात. आठ महिन्यांची बंदी
खोकल्याच्या औषधाने केला घात. पृथ्वी शॉ निलंबित
उत्तेजक सेवनप्रकरणी पृथ्वी शॉ दोषी
अनवधानाने घेतलेल्या औषधात निषिद्ध घटक. शॉवर १५ नोव्हेंबरपर्यंत बंदी

प्रत्येक गटाने दोनच गोष्टी शोधायच्या. काम कुणी केलं, आणि ते सांगणारा शब्द कोणता? पहिल्यात जाळं आहे, मग ते टाकलं कुणी? दुसऱ्यात कर्ता औषध आहे, खेळाडू नुसता बळी. तिसऱ्यात ‘सेवन’. हा शब्द बातम्यांत बहुधा मद्य, तंबाखू, अमली पदार्थ यांच्या मागे लागतो. म्हणजे तो कानावर पडला की हेतू आपोआप गृहीत धरला जातो. चौथा मथळा सर्वांत बरोबर आहे आणि सर्वांत कंटाळवाणा. त्यावर बोट कोण ठेवणार, असं विचारलं की वर्ग हसतो. बातमी कशी विकली जाते हे शिकवायला ते हसू पुरेसं आहे, वेगळं व्याख्यान नको.

मग ‘उत्तेजक’ या शब्दाकडे यायचं. मराठी छापील भाषेत डोपिंगमधलं प्रत्येक द्रव्य ‘उत्तेजक’ असतं. ॲनाबॉलिक स्टिरॉइड उत्तेजक, लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी उत्तेजक, खोकल्याचं सिरपही उत्तेजकच. प्रत्यक्षात टर्ब्युटालिन श्वासनलिका सैल करतं, दम्यात देतात. जागतिक डोपिंगविरोधी संस्था वाडाच्या यादीत त्याचा गट बीटा-२ ॲगोनिस्ट, आणि उत्तेजकांचा गट त्याहून निराळा. हा फरक नुसत्या शब्दापुरता नाही. ‘उत्तेजक म्हणजे अंगात झिंग आणणारं काहीतरी’ अशी समजूत पक्की झालेल्या मुलाला मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरचा) डबा, सर्दीची गोळी किंवा काढा कधीच संशयास्पद वाटणार नाही. ‘स्टिरॉइड’चंही तेच. गावचे डॉक्टर सूज उतरायला देतात ते आणि जिममध्ये दंड फुगवायला विकतात ते, दोन्हींना एकच नाव. द्रव्यं वेगळी, नियमही वेगळे.

शेवटच्या दहा मिनिटांत मूळ कागद वाटायचा आणि फळ्यावर चार शब्द लिहायचे: नकळत, चुकून, अनवधानाने, निष्काळजीपणे. मंडळाच्या इंग्रजी पत्रकातल्या एका शब्दासाठी मराठीत हे सगळे वापरता येतात. शॉच्या बाबतीत कोणता लागू? मुलं बहुधा ‘नकळत’ला मत देतात. तेव्हा प्रश्न टाकायचा: नकळत झालं आणि त्याची काहीच चूक नव्हती, तर शिक्षा आठ महिने कशाची?

उत्तर नियमात आहे. टर्ब्युटालिन ‘विशिष्ट’ द्रव्यांत, म्हणजे डोपिंगखेरीज दुसऱ्या कारणानेही अंगात जाऊ शकणाऱ्या द्रव्यांत, मोडतं. हेतू नसताना अशा द्रव्यासाठी कमाल शिक्षा दोन वर्षं. चूक शून्य असेल तर शिक्षा शून्य, चूक फारशी मोठी नसेल तर मधली कुठलीतरी. चोवीस महिन्यांपैकी आठ, म्हणजे एकतृतीयांश. मंडळ सांगत होतं की फसवायचा इरादा नव्हता, पण बाटली उघडण्याआधी विचारायला हवं होतं. अंगात सापडलेल्या द्रव्याला खेळाडू स्वतः जबाबदार, हा नियम मुलांना आकड्यातून पटतो. नुसता सांगितला तर अन्याय वाटतो.

दुसरी तासिका: दोरीवरच्या तारखा

वर्गात एका भिंतीपासून दुसरीपर्यंत दोरी बांधायची, कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि सहा कार्डं: २२ फेब्रुवारी, १६ मार्च, ३० मार्च, १६ जुलै, ३० जुलै, १५ नोव्हेंबर. प्रत्येक कार्डाच्या मागे घटना. ३० मार्चच्या मागे लिहायचं: ‘दिल्लीकडून कोलकात्याविरुद्ध ९९ धावा.’

कार्डं क्रमाने लागली की दोन-तीन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, “सर, बंदी १६ मार्चपासून आणि हा ३० तारखेला आयपीएल खेळतोय?” हा प्रश्न शिक्षकाने स्वतःहून काढू नये, वाट बघावी. याच विसंगतीवर तेव्हा सोशल मीडियावर ‘सेटिंग’च्या पोस्ट फिरल्या. विसंगती खरी आहे आणि तिचं उत्तरही आहे. मार्चमध्ये त्याच्यावर आरोपच नव्हता. शिक्षा जुलैत ठरली आणि तिची सुरुवात कागदावर मागे नेली. लगेच कबुली दिली तर सुरुवात नमुन्याच्या तारखेपर्यंत मागे नेण्याची मुभा तेव्हाच्या नियमात होती, पण निम्मी शिक्षा तरी पुढच्या काळात भोगावीच लागायची. १६ जुलै ते १५ नोव्हेंबर मुलांना बोटांवर मोजायला लावावं. बरोबर चार महिने, आठाचे निम्मे. म्हणूनच २२ फेब्रुवारी नव्हे, तर १६ मार्च. तारीख हवेतून आलेली नाही हे हिशेबातून दिसतं तेव्हा वर्गात क्षणभर शांतता होते.

दुसरा हिशेब मथळ्याचा. ‘आठ महिन्यांची बंदी’ वाचून माणसाला वाटतं, आता पुढच्या मार्चपर्यंत सुट्टी. बातमी आली त्या दिवसानंतर उरले होते १०८ दिवस. नोव्हेंबरातच तो मुंबईकडून पुन्हा मैदानात उतरला. मथळा खोटा नव्हता, तरी वाचकाच्या डोक्यात चुकीचं चित्र बसलं.

तिसरा प्रश्न जरा अवघड: हे सगळं आपल्याला सांगितलं कुणी? नमुना मंडळाच्याच चाचणी कार्यक्रमात, सुनावणी मंडळापुढे, पत्रक मंडळाचं. देशातले बाकीचे खेळाडू राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, नाडाकडे चाचणी देत होते, क्रिकेटपटू नव्हते. ९ ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे या पत्रकानंतर दहा दिवसांनी, बीसीसीआयने नाडाच्या कक्षेत यायचं मान्य केलं. हे सातवं कार्ड शेवटी लावायचं. पत्रक खोटं होतं असा याचा अर्थ नाही. पण चाचणी घेणारा, निकाल देणारा आणि बातमी देणारा एकच असेल तर वाचकाने काय विचारावं, हे मुलांना स्वतःला सुचतं. नमुना फेब्रुवारीत आणि आरोप जुलैत का, हाही प्रश्न इथे हमखास येतो. तो फळ्याच्या कोपऱ्यात ‘विचारायचे प्रश्न’ म्हणून लिहून ठेवावा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये.

वेळ उरला तर आकड्यांचा एक छोटा खेळ. वाडाच्या अहवालांनुसार भारतात २०२३ मध्ये ५,६०६ नमुने तपासले गेले, २१३ सदोष निघाले. २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६०. अर्ध्या वर्गाने ‘डोपिंग वाढलं’ असा मथळा करायचा, अर्ध्याने ‘डोपिंग घटलं’ असा. दोघांनाही करता येतो. संख्या २१३ वरून २६० झाली, पण प्रमाण ३.८ टक्क्यांवरून साधारण ३.७ वर आलं. हा खेळ दहावीच्या मुलांना फार आवडतो. नववीत टक्केवारीवरच अडकतात, तिथे तो सोडून द्यावा.

तिसरी तासिका: खोकं आणि रील

खोकल्याच्या सिरपची चार-पाच रिकामी खोकी लागतात, बाटल्या नकोत. मुलांना आठवडाभर आधी सांगितलं की घरातून येतात. त्यांत एखादं तरी टर्ब्युटालिनचं निघतंच. ब्रोमहेक्झिन आणि ग्वायफेनेसिनबरोबरचं ते जुनं मिश्रण, बारीक अक्षरात ‘दर ५ मिलीत १.२५ मिग्रॅ’. आधी नुसतं ठळक नाव वाचायला लावायचं, मग भिंग देऊन घटक. एकाच नावाच्या सिरपला मागे ‘डी’, ‘प्लस’, ‘एलएस’ अशी शेपटं लागतात आणि प्रत्येक शेपटाबरोबर आतलं औषध बदलतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. मेडिकलवाला ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणतो तेव्हा ते खरंच तेच असतं का, हे आता त्यांना तपासता येतं.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. वर्गात दम्याचा इन्हेलर वापरणारं एखादं मूल असतंच. तासिका संपता संपता ते घाबरून पंप बंद करू शकतं. म्हणून लगेच, नाव न घेता, स्पष्ट सांगायचं: ओढून घ्यायच्या साल्ब्युटामोलला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. नेहमीच्या पंपाचा एक झटका १०० मायक्रोग्रॅमचा असतो. तेच औषध गोळी किंवा सिरप म्हणून घेतलं तर निषिद्ध. जे निषिद्ध आहे पण उपचाराला लागतंच, त्यासाठी खेळाडूला टीयूई ही सवलत मागता येते. डॉक्टरांना न विचारता कुठलंही औषध थांबवायचं नाही.

उरलेली वीस मिनिटं रीलची. वर्गात रील चालू करू नये. एक लावली की पुढच्या चार आपोआप येतात आणि तास हातातून जातो. पडद्याचे तीन-चार फोटो छापून, नावं झाकून आणावेत: दंडाचा ‘आधी-नंतर’ फोटो, प्रोटीनचा डबा हातात धरलेला ट्रेनर, सवलतीचा कोड. मुलांनी जाहिरातीच्या खुणा गोल करायच्या. प्रकाश कुठून आहे? ‘नंतर’च्या फोटोत अंगावर तेल किंवा घाम आहे का, नुकता व्यायाम झालाय का? कोडात ट्रेनरचं नाव का? (प्रत्येक विक्रीमागे त्याला पैसे मिळतात म्हणून.) जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं ठळक लिहावं लागतं. इथे ते आहे की पंधरा हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलंय?

मग डब्यावरचे शब्द. ‘वाडा-मान्य’ असं लिहिलं असेल तर ते तिथेच खोटं, कारण वाडा कुठल्याच सप्लिमेंटला मान्यता देत नाही. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक हा खाद्यपदार्थाचा परवाना आहे. त्यात निषिद्ध द्रव्य नाही याची हमी तो देत नाही. ‘लॅब टेस्टेड’ म्हटलं तर कोणती लॅब आणि कोणता बॅच? ‘आयुर्वेदिक, म्हणून सुरक्षित’ हे वाक्य मुलं घरूनच घेऊन येतात. त्यावर वाद न घालता विचारावं, घटक आणि प्रमाण छापलंय का? शेवटी दोन गोष्टी फळ्यावर: वाडाची यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते, आणि औषध तपासायला नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप आहे. सप्लिमेंटची भेसळ मात्र कुठलंच ॲप ओळखू शकत नाही.

कुठे बिघडतं

सर्वांत नेहमीचा बिघाड भीतीपासून सुरू होतो. पीटीचे सर उत्साहात हृदयविकार आणि नपुंसकत्वावर येतात, मागच्या बाकावरून खुसखुस होते, कारण त्या मुलांना एक ‘दादा’ माहीत असतो ज्याला काही झालेलं नाही. एका धडधाकट दादापुढे दहा इशारे फिके पडतात. प्रकरणाच्या कागदावर राहिलं की हा सामना टळतो.

दुसरा बिघाड उलट्या बाजूचा: मुलं सबब शिकतात. ‘सापडलो तर सिरप म्हणायचं.’ त्यासाठी शॉच्या शेजारी नरसिंग यादवचं प्रकरण पाच मिनिटं ठेवावं. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथेनडायनोन हे स्टिरॉइड सापडलं, आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं असं त्याने सांगितलं, आणि १ ऑगस्टला नाडाने ते मान्य करून त्याला सोडलं. वाडाने अपील केलं, आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. खुलासा शेवटी पुराव्यावर तोलला जातो, आणि पुरावा खेळाडूनेच द्यायचा असतो.

तिसरा बिघाड दिसायला हुशारीचा असतो. दोन तासिकांनंतर मुलं म्हणतात, ‘सगळे पेपर खोटारडे.’ इथे थांबलं तर माध्यमसाक्षरतेने नुकसानच केलं. पेपरवरचा विश्वास उडालेलं पोरगं यादी उघडत नाही, ते जिमच्या ट्रेनरकडे जातं. म्हणून प्रत्येक तासिकेत ‘हे खोटं कसं’ याच्या बरोबरीने ‘मग खरं कुठे मिळेल’ हे हवंच: मूळ कागद, नियम, यादी, डॉक्टर.

चौथं, द्रव्यांची नावं. जिममध्ये विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा साठा पकडल्याच्या बातम्या पुणे, कोल्हापूरकडून अधूनमधून येतात. त्यांत औषधाचं नाव, भाव, ऑनलाइन कुठून मागवलं, घेतल्यावर काय वाटतं, सगळं छापलेलं असतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरासाठी ती बातमी नसते, पत्ता असतो. त्या औषधाचं नाव इथेही दिलेलं नाही. वर्गात अशी बातमी वापरायची तर नाव आणि भाव काळ्या पेनने खोडून. आणि बातमीदाराने ते का छापू नयेत, हा प्रश्न मुलांनाच विचारून.

आणि शॉच्या पुढच्या कारकिर्दीची चर्चा. ती सुरू झाली की तास गेला म्हणून समजा. ‘आपलं प्रकरण १५ नोव्हेंबर २०१९ ला संपतं’ हे वाक्य तयार ठेवावं.

फरक पडला का, हे कसं बघायचं

अशा शिकवण्याचा एक पडताळा इटलीत झाला आहे. रोमच्या संशोधकांनी माध्यमिक शाळांतल्या ३८९ मुलांना बारा तासिका दिल्या, १०३ मुलांना दिल्या नाहीत, आणि सहा महिन्यांत दोनदा प्रश्नावली भरून घेतली. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: तासिका घेतलेल्या मुलांचा डोपिंगकडे अनुकूलपणे बघण्याचा कल कमी झाला, सप्लिमेंट घेणंही घटलं. माहिती मुलांनीच स्वतःबद्दल दिलेली होती, तेव्हा ती तेवढ्याच जपून वाचावी. आपल्या तीन तासिकांकडून बारा तासिकांच्या परिणामाची अपेक्षाही धरू नये.

शाळेत एवढं जमतं: पहिल्या तासिकेआधी एक अनोळखी बातमी आणि एक अनोळखी जाहिरात देऊन पाच प्रश्न. कर्ता कोण, सांगणारा कोण, पैसे कुणाला, काय सांगितलेलं नाही, तपासायचं कुठे. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. महिन्याभराने तेच पाच प्रश्न, बातमी आणि जाहिरात नवी. लगेच दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली तर गुण छान येतात आणि त्यांना काही अर्थ नसतो. ‘तपासायचं कुठे’ याचे गुण वाढले नाहीत आणि बाकीचे वाढले, तर वरचा तिसरा बिघाड झालाय असं समजून पुढच्या तुकडीला तिसरी तासिका लांबवावी.

‘कोण काय घेतं’ हे हात वर करायला लावून विचारू नये. शेवटच्या तासिकेला सगळ्यांना सारख्या चिठ्ठ्या वाटाव्यात, नाव न लिहिता, एकच वाक्य पुरं करायला: ‘मला कुणीतरी घ्यायला सांगितलेली गोष्ट…’ लिहायचं नसेल त्याने त्यावर शॉचं नाव लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या वर्गात वाचू नयेत. त्यांत कोचचा किंवा अकॅडमीच्या सरांचा उल्लेख येऊ शकतो, आणि तो येतो तेव्हा चिठ्ठी थेट मुख्याध्यापकांच्या हातात द्यायची, क्रीडा विभागातून फिरवून नव्हे.